रुळाबाहेरचे ७८ सेंटीमीटर: नागपूरच्या एका रेल्वेप्रेमी मंडळाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच मंडळातलं आहे. मी तेव्हा सचिव होतो, आजही आहे. मंडळाचं, माणसांचं आणि त्या स्टेशनचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून एक-दोन बारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. दुसऱ्या गावांतल्या अशाच मंडळांनी आम्हाला विचारलं होतं की तुम्ही सहली बंद का केल्या आणि पुन्हा सुरू कशा केल्या. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

नागपुरात रेल्वेचं वेड लागायला वेगळं निमित्त लागत नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची (जी.आय.पी.ची) लाइन भुसावळकडून इथं पोचली. पुढे छत्तीसगडकडे मीटरगेज गेली, ती ताब्यात घ्यायला १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी उभी राहिली आणि आमच्या गावाचं नाव थेट कंपनीच्या पाटीवर गेलं. आजही या एका शहरात दोन झोनचे दोन 'नागपूर विभाग' आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. बाहेरून आलेल्या माणसाला हे समजावून सांगताना आमची निम्मी संध्याकाळ जाते. अजनीला इलेक्ट्रिक लोको शेड आहे, मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे आणि जवळजवळ प्रत्येक वस्तीत एखादं घर असं सापडतं, जिथले आजोबा गार्ड होते नाहीतर काका टीसी.

मंडळ जन्माला आलं ते नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, जाताना. २०१५ च्या अखेरीस छिंदवाड्याची अडीच फुटी लाइन बंद झाली. शेवटच्या दिवसांत त्या गाडीत बसायला इतवारी स्टेशनला जी गर्दी उसळली, त्या गर्दीतच आमचे पहिले सात-आठ जण एकमेकांना भेटले. कुणी बायकोमुलांना घेऊन आलं होतं, कुणी नुसतंच खिडकीला हात लावून उभं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागभीडची लाइनही थांबली, तोवर मंडळ बऱ्यापैकी रुळलं होतं. महिन्यातून एका रविवारी सकाळी धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्याख्यान आणि दोन महिन्यांतून एकदा सहल, असा शिरस्ता पडला. वर्गणी नावापुरती. पोहे आणि तर्री मात्र न चुकता.

सभासद दोन तऱ्हेचे. एका बाजूला निवृत्त रेल्वेवाले: गार्ड, ड्रायव्हर, स्टेशन मास्तर, सिग्नलवाले आणि रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये आयुष्य काढलेले एक मुकादम. दुसऱ्या बाजूला कॉलेजची मुलं. त्यांना इंजिनाचा नंबर पाहून शेड सांगता येतं आणि कुठली गाडी आज किती उशिरा धावते आहे हे तोंडपाठ असतं. मध्ये आम्ही दहा-बारा जण, बँकेतले, शाळेतले, दुकानदार, ज्यांचा रेल्वेशी संबंध फक्त जीव लावण्याचा.

अडचण कुठे होती

ज्या अपघातामुळे सहली थांबल्या, त्याच्या आधी दीड-दोन वर्षं एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही तिला अडचण म्हणत नव्हतो. व्याख्यानाला म्हातारी माणसं यायची, सहलीला तरुण. दोन्हीकडे दिसणारे चेहरे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

व्याख्यानं लांबत. तेच तीन-चार वक्ते, दोन-दोन तास आणि शेवटी वाफेच्या इंजिनाच्या आठवणी. मुलं मागच्या रांगेत बसून मोबाइल चाळायची, मग मागच्या रांगेतही येईनाशी झाली. सहली उलट्या बाजूनं घसरल्या. ग्रुपवर रात्री अकराला ठरायचं, सकाळी सहाला निघायचं. कुठल्या वळणावर उजेड चांगला पडतो, कुठून मालगाडीचं तोंड पूर्ण फ्रेममध्ये येतं, एवढीच चर्चा. सोबत कोण आहे, जबाबदार कोण, हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही. मला वाटायचं, पोरं उत्साही आहेत, आपण कशाला आडकाठी करा.

खरं म्हणजे मंडळाकडे जे सगळ्यात मोलाचं होतं ते या दोन टोकांच्या मधोमध पडून होतं. ज्या माणसांना लाइनवर जिवंत कसं राहायचं हे ठाऊक होतं, ती हॉलमध्ये बसून आठवणी सांगत होती. ज्या मुलांना ते कळायला हवं होतं, ती लाइनवर होती.

त्या रविवारी काय घडलं

जानेवारीतली सकाळ, धुकं नुकतंच विरलेलं. नागपूरपासून दीडेक तासावरच्या एका लहान स्टेशनावर आम्ही चौदा जण गेलो होतो. प्लॅटफॉर्म तिकिटं काढली होती. ती दोन तास चालतात. आम्हाला तिथे तीन तास होत आले होते, म्हणजे तिकिटांची मुदतही उलटली होती. प्लॅटफॉर्म संपतो तिथे उतार असतो आणि त्या उताराच्या पुढे रेल्वेची हद्द, जिथे प्रवाशाचं काहीच काम नसतं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उतारावरून खाली गेला आणि डाउन लाइनच्या (एका दिशेच्या गाड्यांच्या रुळाच्या) बाहेरच्या अंगाला खडीवर उभा राहिला. शेजारच्या अप लाइनवरून (उलट दिशेच्या गाड्यांच्या रुळावरून) समोरून कोळशाची मालगाडी येत होती, तिचा फोटो त्याला हवा होता.

त्याच वेळी त्याच्या पाठीमागून डाउन लाइनवर एक लाइट इंजिन आलं. लाइट इंजिन म्हणजे मागे डबे नसलेलं, नुसतंच धावणारं इंजिन. त्याला डब्यांचा खडखडाट नसतो. ड्रायव्हरनं लांब हॉर्न दिला. मुलाला तो ऐकू आला, पण तो मालगाडीचाच आहे असं त्याला वाटलं. डोळा कॅमेऱ्याला लागलेला, कान समोरच्या धडधडीत.

आमचे गार्ड काकाजी वयाच्या सत्तरीत आहेत. ते उताराच्या टोकाशी उभे होते. त्यांनी हाक मारली नाही. नंतर म्हणाले, "हाक मारली असती तर तो वळून पाहत बसला असता." खाली उतरून त्यांनी त्याच्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा धरला आणि मागे ओढलं. दोघंही खडीवर पडले. इंजिन गेलं. मुलाच्या कोपराला खरचटलं, काकाजींच्या गुडघ्याला बऱ्यापैकी लागलं.

मी त्या क्षणी कुठे होतो हे लिहिणं भाग आहे. मी प्लॅटफॉर्मवर होतो आणि त्याच मालगाडीचा फोटो काढत होतो.

पुढचं अपेक्षितच होतं. स्टेशन मास्तरांनी कळवलं, आरपीएफचे (रेल्वे सुरक्षा दलाचे) जवान आले, सगळ्यांची नावं-पत्ते लिहून घेतले. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आम्हाला लेखी समज देऊन सोडलं. त्यांनी आवाज चढवला नाही. स्टेशन मास्तर एवढंच म्हणाले, "आधी एक फोन केला असता तर मीच तुम्हाला उभं राहायची जागा दाखवली असती."

रात्री मुलाच्या आईचा फोन आला. त्यांना आमच्याकडून काही कळलं नव्हतं, मुलाच्या मित्रानं सांगितलं होतं. "तुमच्या भरवशावर पाठवलं होतं जी मी त्याला," एवढं एकच वाक्य त्या बोलल्या आणि फोन ठेवला.

पहिला निर्णय: इतिवृत्तात लिहायचं की नाही

चार दिवसांनी कार्यकारिणी बसली. पहिला वाद पर्यायांवर नव्हताच. दोन ज्येष्ठांचं म्हणणं होतं की हे इतिवृत्तात नको. उद्या कुठल्या भेटीची परवानगी मागायला गेलो आणि कुणाच्या हाती हे पडलं तर दार कायमचं बंद होईल. हा मुद्दा अगदीच फोल नव्हता. पण गार्ड काकाजी पाय लांब करून बसले होते, गुडघ्याला पट्टी. ते म्हणाले की गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात, दोन मिनिटं उभी राहिली तरी गार्डाला ते लिहावं लागतं. नोकरीभर लिहिलं, आता हे लपवायचं काऊन?

लिहिलं. वेळ, जागा, कोण कुठे उभं होतं, हॉर्न कुणी ऐकला आणि कुणी नाही, माझ्या हातात कॅमेरा होता हेसुद्धा. त्या दोन पानांचा पुढे जेवढा उपयोग झाला तेवढा आमच्या सगळ्या ठरावांचा मिळून झाला नाही.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा होता तो सहली साफ बंद करण्याचा. निवृत्त मंडळींचा कल तिकडे होता. व्याख्यानं चालू ठेवा, बाकी पोरांनी आपापल्या जबाबदारीवर फिरावं. यात मंडळ सुटत होतं, मुलं सुटत नव्हती. ती जायची ती जाणारच होती, फक्त सोबत काकाजी नसते.

दुसरा पर्याय हमीपत्राचा. प्रत्येकाकडून सही घ्यायची की काही झालं तर मंडळ जबाबदार नाही. आमच्यातल्या एका वकील सभासदांनी मसुदाही आणला होता. त्यावर शाळेत शिकवणाऱ्या ताई बोलल्या. त्यांचा प्रश्न साधा होता: या कागदामुळे तो मुलगा रुळापासून किती लांब उभा राहिला असता? मसुदा तिथेच घडी घालून ठेवला गेला.

तिसरा, फक्त रीतसर परवानगीच्या भेटी करायच्या: संग्रहालय, शेड, वर्कशॉप. हे सगळ्यांना पटत होतं, पण परवानगीला वेळ लागतो, कधी ती मिळतच नाही आणि तेवढ्यावर वर्षभराचा कार्यक्रम उभा राहत नाही.

चौथा पर्याय कुणी मोठ्यानं मांडला नाही, पण तो खोलीत होता. मंडळाचे दोन भाग करायचे, एक व्याख्यानवाल्यांचा आणि एक कॅमेरेवाल्यांचा. मुलांच्या बाजूनं बोलायला आलेली बी.एस्सी.ची एक मुलगी जवळजवळ तिथवर पोचली होती. "काकाजी, तुम्ही लोक दर महिन्याला वाफेच्या इंजिनाचंच सांगून राहिले. आम्ही ते पाहिलंच नाही. आम्ही जे पाहून राहिलो त्याचं कोणी सांगतच नाही." हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुकादम बोलले. दोन वर्षांत त्यांनी एकही व्याख्यान दिलं नव्हतं, कारण आम्ही त्यांना कधी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "मला एक खडू द्या आणि पुढच्या रविवारी खुर्च्या भिंतीला लावा."

आम्ही त्या दिवशी एवढंच ठरवलं: सहली तीन महिने थांबवायच्या आणि पुढचं व्याख्यान मुकादमांचं.

काय केलं

मुकादमांचं व्याख्यान पंचवीस मिनिटांचं होतं. मला ते अजून मिनिटामिनिटानं आठवतं. त्यांनी फरशीवर टेपनं मोजून दोन समांतर रेषा ओढल्या, मध्ये १६७६ मिलीमीटर, म्हणजे ब्रॉडगेजचं अंतर. "हे रूळ." मग त्यांनी त्या मुलाला बोलावलं आणि विचारलं, तू त्या दिवशी कुठे उभा होतास? तो घटनेनंतर पहिल्यांदाच आला होता. त्यानं आठवून रेषेपासून दीड-दोन फुटांवर पाय ठेवला. त्याला ते अंतर पुरेसं वाटत होतं. पाहणाऱ्या आम्हालाही.

मग मुकादमांनी डब्याची रुंदी काढली. प्रवासी डबा साधारण ३२४० मिलीमीटर रुंद असतो. म्हणजे रुळाच्या आतल्या कडेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ७८ सेंटीमीटर तो बाहेर असतो. इंजिन किंचित अरुंद असतं, पण फरक दोन-तीन बोटांचाच. खडूची दुसरी रेषा मुलाच्या पलीकडून गेली. तो डब्याच्या आत उभा होता.

कुणी काही बोललं नाही. मुकादमांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, आपली नॅरोगेज अख्खी अडीच फूट, म्हणजे ७६ सेंटीमीटर. जिच्यासाठी तुम्ही मंडळ काढलं, ती पूर्ण लाइन मावेल एवढा ब्रॉडगेजचा डबा एकेका बाजूला रुळाबाहेर लोंबतो. नागपूरच्या माणसाला याहून चांगलं माप कुणी देऊ शकत नाही. आजही आमच्यातला कुणीही पोरगा झोपेत विचारलं तरी ते सांगेल.

नंतर त्यांनी लुकआउट म्हणजे काय ते सांगितलं. गँग रुळावर काम करत असते तेव्हा एक माणूस हातात फावडं घेत नाही. त्याचं काम फक्त पाहणं, शिट्टी वाजवणं आणि झेंडी दाखवणं. बाकीचे खाली मान घालून काम करू शकतात, कारण तो मान वर ठेवून उभा असतो. ताशी ११० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं, म्हणून ड्रायव्हरनं पाहिलं की तो थांबवेल हा भरवसा लाइनवर कुणी धरत नाही. आणि शेजारच्या लाइनवर गाडी असेल तर कानावरही भरवसा ठेवत नाही.

यातून आमचे सहलीचे नियम निघाले. फार नाहीत. दर सहा जणांमागे एक लुकआउट, त्यानं कॅमेरा आणायचाच नाही, मोबाइल खिशात. प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या रेषेच्या आत राहायचं, उतारावर पाय ठेवायचा नाही. जाण्याआधी त्या स्टेशनच्या मास्तरांना कळवायचं. अठरा वर्षांखालच्या मुलासोबत घरचं कुणीतरी हवं. कॅमेरा न आणण्याच्या नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली. मलाही तो जड गेला, कारण पहिल्या सहलीचा लुकआउट मी होतो.

व्याख्यानांचं रूपही बदललं. चाळीस मिनिटं, टेबलावर एखादी वस्तू आणि पुढची सहल त्याच विषयाची. निवृत्त स्टेशन मास्तरांनी एकेरी लाइनवरच्या टोकनचा पोलादी गोळा आणि वेताची रिंग आणली. दोन स्टेशनांची यंत्रं विजेनं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. ज्याच्या हाती गोळा, त्याचीच गाडी सेक्शनमध्ये. धावत्या इंजिनातून रिंग हातात कशी अडकवून घ्यायची हे त्यांनी मुलांना हॉलभर पळवून शिकवलं. अर्ध्यांच्या कोपराला मार बसला आणि कुणीही मोबाइल काढला नाही.

डायमंड क्रॉसिंगच्या व्याख्यानाचा किस्सा वेगळा. मुलांची फार दिवसांची मागणी होती की तिथे सहल न्या. देशाच्या चारही दिशांच्या लाइन नागपुरात एका ठिकाणी एकमेकींना छेदतात, असं आपण शाळेपासून ऐकतो. मास्तरांनी फळ्यावर नकाशा काढला आणि विचारलं, मुंबईची गाडी नागपूरहून कुठून बाहेर पडते? अजनीवरून. चेन्नईची? तीही अजनीवरूनच. दोघी सेवाग्रामपर्यंत एकाच वाटेनं जातात आणि तिथून फुटतात. मग चार दिशा एका बिंदूत कशा छेदतील? छेदतात त्या हावडा आणि दिल्लीकडच्या लाइन. आणि डायमंडवर गाडी एका लाइनवरून दुसरीवर जाऊ शकत नाही, फक्त आडवी ओलांडते. एकीला मार्ग दिला की दुसरीचा सिग्नल लाल राहतो. चाळीस मिनिटांचं व्याख्यान दीड तास चाललं, कारण मुलं भांडत होती. मला तो दीड तास फार आवडला. क्रॉसिंग जवळून पाहायचं तर रेल्वेच्या हद्दीत शिरावं लागतं, म्हणून सहल नेली नाही. दोघं-तिघं नाराज झाले, पण वाद घातला नाही.

पहिली सहल तीन महिन्यांनी मोतीबागेच्या संग्रहालयात झाली. २००२ साली सुरू झालेलं हे संग्रहालय नागपूरकरांना माहीत असतं आणि बहुतेकांनी शाळेच्या सहलीनंतर पाहिलेलं नसतं. तिथे नॅरोगेजची इंजिनं जागेवर उभी आहेत, त्यांना हात लावता येतो, चाकाखाली वाकून पाहता येतं. लुकआउट म्हणून मला तिथे काही काम नव्हतं, तरी नियम तो नियम, कॅमेरा घरी ठेवला होता.

दुसरी होती नागपूर स्टेशनच्या इमारतीची फेरी, रीतसर कळवून. १५ जानेवारी १९२५ ला तेव्हाचे मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी तिचं उद्घाटन केलं. दगड सावनेरचा. ज्या इमारतीखालून आपण घाईघाईनं टॅक्सी शोधत बाहेर पडतो तिच्याकडे मान वर करून पाहायला दीड तास मिळाला. तिसरी सहल त्याच दगडाचा माग काढत सावनेरच्या दिशेनं, छिंदवाड्याच्या गाडीनं. त्या मार्गावर आता ब्रॉडगेज धावते. गार्ड काकाजींनी जुन्या लाइनवर नोकरी केलेली. सौंसर, रामाकोना, भिमालगोंदी ही नावं ते स्टेशन यायच्या आधी उच्चारत होते आणि मुलं खिडकीतून जुन्या लाइनचा भराव शोधत होती. भराव दिसला की डब्यात आरडाओरडा. इतर प्रवासी आधी चमकले, मग तेही शोधायला लागले.

काय निष्पन्न झालं

व्याख्यानाला आता तरुण येतात आणि सहलीला म्हातारे. सगळेच येतात असं नाही. ज्यांनी इतिवृत्ताला विरोध केला होता त्यातले एक जण परत आले नाहीत. चार-पाच मुलांनी आपला वेगळा फोटोग्राफीचा गट काढला. त्यांना आमचे नियम जाचक वाटले. त्यातली दोघं फार चांगले फोटो काढायची आणि त्यांचं जाणं मला लागलं.

तो मुलगा पहिल्या दोन सहलींना आला नाही, फक्त व्याख्यानांना यायचा. छिंदवाड्याच्या सहलीला आला तो लुकआउट म्हणून, स्वतः नाव देऊन. त्याची आई त्याला सोडायला इतवारीला आली होती. माझ्याशी बोलल्या नाहीत. काकाजींच्या मात्र पाया पडल्या आणि गाडीच्या अख्ख्या डब्याला पुरेल इतका मोठा पुरणपोळ्यांचा डबा देऊन गेल्या.

एक सहल मात्र पूर्ण फसली आणि तिचा या सगळ्या नियमांशी संबंध नव्हता. एप्रिलच्या शेवटी, पारा त्रेचाळीसच्या वर असताना, आम्ही भर दुपारी परतीच्या गाडीची वाट पाहत एका स्टेशनावर थांबलो. आमच्या निवृत्त मास्तरांना भोवळ आली. रुळापासून सुरक्षित अंतर राखलं होतं, लुकआउट होता, सगळं होतं. पाणी कमी होतं. तेव्हापासून एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत सहल नाही. नागपुरात राहून हे आम्हाला नियम करून लिहावं लागलं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी त्या आईला मीच फोन केला असता, स्टेशनवरूनच. मी दिवसभर ठरवत राहिलो की काय आणि कसं सांगावं आणि तोवर तिला भलतीकडून कळलं. नियमांपेक्षा ही चूक मला जास्त डाचते.

तीन महिन्यांची विश्रांती लांबली. एक महिना पुरला असता. जी मुलं वेगळी झाली त्यांनी आपला गट नेमका या काळात जमवला. त्यांना आम्ही वाट पाहायला लावलं आणि त्यांनी पाहिली नाही. तेव्हा आमच्याकडे मुकादमांचं व्याख्यान होऊन गेलेलं होतं, मोतीबागेची वाट मोकळी होती. आम्ही थांबलो ते भीतीनं.

मुकादमांना आधी न विचारणं ही चूक दोन वर्षांची होती. व्याख्याते निवडताना आम्ही हुद्दा पाहत होतो. ज्यानं पस्तीस वर्षं रुळावर चालून काढली तो माणूस मागच्या खुर्चीवर बसून होता आणि आम्हाला वाटत होतं तो ऐकायला येतो.

स्टेशन मास्तरांना आधी कळवण्याबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. बहुतेक ठिकाणी चांगला अनुभव आला, कुठे चहाही मिळाला. पण एका ठिकाणी आम्ही कळवलं म्हणूनच आम्हाला येऊ नका असं सांगितलं गेलं, जिथे नुसतं तिकीट काढून गेलो असतो तर कुणी विचारलंही नसतं. काही सभासदांचं म्हणणं आहे की प्रवासी म्हणून जाताना कळवण्याचं बंधन नको. यावर पुढच्या बैठकीत मत घ्यायचं आहे.

वेगळ्या झालेल्या गटाचे फोटो आम्हाला दिसतात. त्यातला एक त्याच स्टेशनचा होता, त्याच वळणाचा, प्लॅटफॉर्मच्या उतारापलीकडून काढलेला. तो पाहून मी त्यांच्यातल्या एकाला फोन केला. ओरडलो नाही. पोळा झाला की मुकादम पावसाळी गस्तीवर बोलणार आहेत: रात्री हातात दिवा, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन एकटा माणूस पुलापर्यंत कसा चालत जातो, पाणी चढलेलं दिसलं तर येणारी गाडी कशी थांबवतो. त्याला ये म्हटलं. तो म्हणाला, पाहतो. खडूची पेटी मी आणून ठेवली आहे.